ओढून बघ

ट्रकवर पोलादी पत्र्याच्या गुंडाळ्या साखळ्यांनी बांधण्यात आप्पांची हयात गेली होती. आता मनगटात जोर उरला नव्हता. निघण्यापूर्वी ड्रायव्हरने साखळी ओढून बघायची, असा नियम होता. पण आप्पांची साखळी तपासणं म्हणजे त्यांच्या तोंडावर अविश्वास दाखवणं, म्हणून कुणी हात लावत नसे. जळो तो मान. त्यांचा थोरला मुलगाही तसाच निघाला, आणि उतारावर ब्रेक दाबताच गुंडाळीने केबिन चिरडली.

"ओढून बघ बाबा," आप्पा आज नव्या ड्रायव्हरला म्हणाले.

"तुम्ही बांधलंय आप्पा, मग बघायचं काय?" तो हसून वर चढला.

थोरलाही हेच म्हणाला होता, तेव्हा आप्पांची छाती फुगली होती.

ट्रक हलला. आप्पा दोन्ही हात हलवत मागे धावले. निरोप समजून ड्रायव्हरने प्रेमाने हॉर्न दिला.