भिंतीमागची गळती

मिस्त्रींनी पाइपावरचा पट्टा घट्ट आवळला, त्यावरून बोट फिरवून बघितलं, आणि मग स्क्रू ड्रायव्हर उलटा फिरवून तोच पट्टा पुन्हा सैल केला.

घरगाडीच्या संडासात एक माणूस धड उभा राहील एवढीच जागा. तिथे ते गुडघे मुडपून बसले होते. खांदा कमोडला टेकलेला, भिंतीची फळी काढून बाजूला ठेवलेली, आत वायरी, पाइप आणि धूळ. उघड्या दारातून समोरचा पलंग दिसत होता. पलंगावर मास्तरीणबाई पडल्या होत्या आणि नवऱ्याच्या पाठीकडे बघत होत्या.

"झालं का हो?"

"होतंय. जरा पाणी सोडून बघतो."

ते खाली अंगणात उतरले. रबरी नळी गाडीच्या अंगाला असलेल्या छोट्या तोंडात बसवली आणि नळ सोडला. त्या तोंडातून शिरलेलं पाणी भिंतीच्या आतून वर चढतं, वरच्या झडपेतून वळून खाली मैल्याच्या टाकीत उतरतं आणि टाकी आतून धुऊन काढतं. टाकीतली घाण उलटी फिरून वर येऊ नये म्हणून ती झडप. मिस्त्री आत येईपर्यंत सैल पट्ट्यातून पाणी ठिबकायला लागलं होतं आणि भिंतीच्या बुडाशी ओघळ आला होता.

"गळतंय अजून," ते म्हणाले.

"गळू दे," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

खोटं बोलायची मिस्त्रींना सवय नव्हती. उभा जन्म बसडेपोच्या वर्कशॉपात गेला. तिथे सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचे, म्हणून घरीही ते मिस्त्रीच झाले. बायको शाळेत शिकवायची, म्हणून तिला ते मास्तरीणबाई म्हणायला लागले. आधी चेष्टेत, मग तेच नाव होऊन बसलं. वर्कशॉपात मिस्त्रींचा एक नियम होता. काम उघडं असलेली गाडी फाटकाबाहेर काढायची नाही. ट्रेमध्ये एक नट जरी उरला असेल तरी गाडी उभी. साहेब येऊन थयथयाट करायचे, मिस्त्री शांतपणे चहा पीत बसायचे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी ही जुनी घरगाडी घेतली. पलंग, शेगडी, संडास, सगळं चाकांवर. लोकांनी वेड्यात काढलं. पण दोघं भरपूर हिंडली. चालवायचे मिस्त्री, हाकायच्या मास्तरीणबाई. पुढच्या सीटवर पाठीशी लाल उशी घेऊन बसायच्या आणि वळण मागे पडल्यावर सांगायच्या की इथे वळायचं होतं. टाकी रिकामी करून धुवायचं काम मिस्त्रींचं. मग तिच्यात दुर्गंध घालवायचं निळं औषध ओतायचं काम मास्तरीणबाईंचं. "घाण तुम्ही काढा, रंग मी भरते," असं त्या म्हणायच्या, आणि दर वेळी हसायच्या.

मग पोटाचं दुखणं निघालं. ऑपरेशन झालं, औषधं झाली, आणि एके दिवशी डॉक्टर म्हणाले की आता त्यांना जे खावंसं वाटेल ते खाऊ द्या.  घरी आल्यावर दाराशी चपला काढताना मास्तरीणबाई म्हणाल्या, "मला ताईकडे न्या. उरलेले दिवस तिच्याजवळ काढते."

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा तिनेच मास्तरीणबाईंना वाढवलं होतं, वेण्या घातल्या होत्या, पाढे घोकून घेतले होते. तिचं गाव लांब, आणि कमरेचं हाड मोडल्यापासून ती खाटेला खिळलेली. ती येऊ शकत नव्हती. जायचं ते ह्यांनीच, आणि तेही घरगाडीने, कारण मास्तरीणबाईंना घटकेघटकेला संडासात जावं लागे. डॉक्टर म्हणाले, जरूर न्या, पण बसवतंय तोवर न्या. आणि घाणीपासून, जंतूंपासून जपा.

निघायच्या आधी मिस्त्रींनी गाडी तपासायला घेतली आणि ही गळती निघाली. फळी काढल्याबरोबर त्यांना दुखणं कळलं. वरच्या झडपेला चीर गेली होती. म्हणजे गळत होतं ते टाकीत पोचायच्या आधीचं, नळाचं स्वच्छ पाणी. टाकी न धुता दोघं जगाच्या टोकाला जाऊन आली असती तरी काही बिघडलं नसतं. पण मिस्त्रींच्या तोंडून निघून गेलं, "टाकीलाच चीर आहे. घाण पाणी येतंय. तुला हे चालायचं नाही."

असं का बोललो, हे त्यांचं त्यांनाच कळेना. अंथरुणावर पडल्यावर कळलं. ताईच्या दारात गाडी उभी केली की पुढे करण्यासारखं काही उरत नव्हतं. मग नुसतं बसायचं आणि वाट बघायची. येताना पुढची सीट रिकामी. त्यांना भीती वाटत होती, साधी, लहान पोराला अंधाराची वाटते तशी भीती. आणि उघडं काम असलेली गाडी काही फाटकाबाहेर जात नाही.

गंमत अशी की हातांना हे ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी हातांनी नवी झडप बसवली, पट्टा आवळला, आणि सगळं कोरडं ठणठणीत झालं. मिस्त्री घाबरले. त्यांनी पट्टा सैल केला. तेव्हापासून हे घोंगडं भिजतच पडलं होतं. आज वॉशर मिळत नाही, उद्या सोल्युशन वाळत नाही, परवा पाइप बदलून बघू.

सुरुवातीला मास्तरीणबाई संडासाच्या दाराशी स्टूल घेऊन बसायच्या आणि शाळेतल्या गमती सांगायच्या. मग स्टुलावर बसवेना, तेव्हा पलंगावर उशांना टेकून बसायला लागल्या. मग त्यातली एक उशी काढावी लागली. मग दुसरी. मिस्त्रींना हे दिसत होतं, रोज रात्री ते ठरवत होते की उद्या निघायचं. आणि रोज सकाळी फळी काढत होते.

मिस्त्री खाली जाऊन नळ बंद करून आले, तेवढ्यात फोन वाजला. ताईचाच होता. मिस्त्रींनी हात पुसून तो मास्तरीणबाईंच्या कानाशी धरला. बोलताना त्यांनी कोपरावर उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही. थोडं हं हं करून त्यांनी फोन परत केला.

"मिस्त्री," ताई म्हणाली, "आवाज किती बारीक झालाय हिचा. बसवतंय ना?"

"बसते की."

"मग आणा ना. मी खिडकीजवळची खाट रिकामी करून ठेवलीय. माझी इकडे सरकवली, म्हणजे दोघी एकमेकींना दिसू."

"टाकीचं काम संपलं की निघतोच."

फोन बंद करून ते पुन्हा फळीपाशी बसले. काही करायचं नव्हतं, म्हणून फडक्याने झडप पुसू लागले.

"मिस्त्री."

"हं."

"पहिल्या दिवशी पाणी आलं, ते कोणी पुसलं होतं?"

"तूच. मी नको म्हणत होतो."

"त्याच्या आदल्या दिवशी मी टाकीत औषध ओतलं होतं. लांब जायचं म्हणून झाकणभर जास्तच."

मिस्त्रींचा हात थांबला.

"फडकं पिळलं तर बादलीचा तळ दिसत होता," मास्तरीणबाई म्हणाल्या. "निळ्याचा टिपूस नव्हता. वास नव्हता. टाकीतलं पाणी असतं तर लपलं असतं का ते?"

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मिस्त्रींना मान वळवून बघवेना. लाजेने त्यांचे कान तापले होते.

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? तुमची तयारी नव्हती." त्या दम खायला थांबल्या. "आणि मलाही बरं वाटत होतं. तुम्ही इथे खुडबुड करताय, मी बघतेय. डेपोच्या दिवसांत कुठे दिसायचात तुम्ही? म्हटलं, जाऊ देत थोडे दिवस."

"थोडे नाही गेले."

"नाही. तो हिशेब माझाही चुकला. मला वाटलं होतं, बसवेल अजून. पुढे बसून जायचं होतं मला."

मिस्त्रींनी फडकं तोंडावर दाबून धरलं. त्यांचे खांदे हलत राहिले. मास्तरीणबाईंनी त्यांना अडवलं नाही, समजूतही घातली नाही. ते शांत झाल्यावर त्या म्हणाल्या, "आता मिटवा ते काम. आडवी का होईना, पोचू दे मला."

मिस्त्रींनी पट्टा आवळला. खाली उतरून नळ पूर्ण सोडला आणि धावत आत आले. भिंतीआडून पाणी चढल्याचा आवाज आला, मग खाली टाकीत फवारा सुटल्याचा. दोघं भिंतीकडे बघत राहिली. एखादा थेंब तरी यावा असं मिस्त्रींना वाटलं. आपलंच काम फसावं असं त्यांना जन्मात कधी वाटलं नव्हतं. पण झडप नवी होती, पट्टा नीट बसला होता, हात मिस्त्रीचे होते. कुठेच गळलं नाही.

"कोरडं आहे," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"हो."

त्यांनी फळी लावली. एकेक स्क्रू बसवला. ट्रे उचलून बघितला, त्यात काही उरलं नव्हतं. टाकी रिकामी करून त्यांनी निळ्या औषधाची बाटली आणली, झाकण भरलं आणि मास्तरीणबाईंच्या हातात दिलं. मग त्यांच्या हाताखाली आपला हात धरून त्यांच्याकडून ते कपात ओतवून घेतलं आणि नेऊन टाकीत ओतलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच सामान भरून झालं. मिस्त्रींनी पुढच्या सीटवरची लाल उशी उचलली, मागे नेली आणि मास्तरीणबाईंच्या मानेखाली सारली. दोन्ही बाजूंनी चादरी गुंडाळून लावल्या, म्हणजे वळणावर हलायला नको. मग पुढे येऊन बसले.

"चुकलं वळण तर सांगणार कोण?" मागून आवाज आला.

"तूच सांग. चुकल्यावर."

मिस्त्रींनी वर हात नेऊन आतला आरसा वळवला. त्यात मागचा रस्ता दिसायचा बंद झाला आणि पलंग दिसायला लागला. फाटक उघडंच होतं. त्यांनी गाडी हळूच बाहेर काढली.