इसाओची नात दुसऱ्यांदा विचारते

ज्या वर्षी इसाओच्या पणतूचा पहिला वाढदिवस झाला आणि अर्धं माजुरो बेट त्यांच्या अंगणात जेवून गेलं, ते वर्ष २०१९. पाहुणे विणलेल्या टोपल्यांतून उरलेला भाजका नीरफणस आणि डुकराचं मटण घेऊन आपापल्या घरी गेले, आणि दुसऱ्या दिवसापासून इसाओला एका जागी बसवेना. दवाखान्यात त्याला सांगितलं होतं की मूत्रपिंडं फार तर वर्ष काढतील. उपचारासाठी होनोलुलूला जायला तो तयार नव्हता.

मरणाची त्याला तेवढी धास्ती नव्हती. धास्ती होती लाटांची. दोन बेटांच्या मधून लाटांचा एक कणा जातो. होडीच्या तळाला पाठ टेकून पडलं की तो अंगाला कळतो, आणि कळला की डोळे झाकूनही जमीन सापडते. ही विद्या इसाओच्या घराण्याची. ती घराबाहेर द्यायची नाही, आणि घरातल्या माणसालाही दर्याचा जाणता म्हणायचं ते इरोजने, म्हणजे बेटांच्या राजाने, परीक्षा घेतल्यावरच. इसाओचा मामा शेवटचा जाणता. तो जाऊन चाळीस वर्षं झाली होती. इसाओचे मुलगे अमेरिकेत अर्कान्सासला कोंबड्यांच्या कारखान्यात लागलेले. घरात राहिली होती नेइजोन, मुलीची मुलगी, एकोणीस वर्षांची. तीन वर्षं ती त्याच्याकडून लाटा शिकत होती, पण पाण्यातून वर आली की ओल्या केसांनीच लॅपटॉपसमोर बसायची.

"त्या डब्यात काय आहे एवढं?" इसाओने एकदा विचारलं.

"दर्या आहे, आजोबा. बसा, दाखवते."

तो बसला. पडदा सगळा काळा. मधोमध एक जहाज. ते जिकडे जाई तिकडचा काळोख सोलल्यासारखा निघे आणि बेटं दिसू लागत. जहाजावर किती पाणी, किती धान्य, किती माणसं, याचे आकडे कोपऱ्यात. दुसऱ्या बेटांवरही राजे होते, आणि त्यांच्याशी कधी गोड बोलायचं, कधी भांडायचं, हे ठरवावं लागे.

"इथून परत फिर," इसाओ म्हणाला. "पाणी निम्म्यावर आलंय."

"मी आधीच फिरणार होते." तिने जहाज वळवलं. "पहिल्या वेळी नाही फिरले तर सगळे मेले."

हे त्याला आवडलं. निम्मं पाणी उरलं की परतायचं, हे मामाने त्याला थोबाडीत देऊन शिकवलं होतं. इथे पोरगी आपण होऊन शिकली होती. पण मग तिने जहाज तसंच सोडून चहा केला, आणि येईपर्यंत समुद्र जागच्या जागी थांबून राहिला. इसाओ चुळबुळला.

"हा थांबतो कसा?"

"माझी खेळी होईपर्यंत थांबतो."

"आणि एकदा उजेड पडला तिथे परत काळोख होत नाही?"

"नाही. एकदा पाहिलं ते पाहिलं."

"मग हा दर्या नाही, पोरी. ही भिंत आहे. रंगवलेली."

त्याची बायको कियोको चुलीपाशी हसली. "आठवडाभर रोज बसताय त्या भिंतीपुढे. परवा तर हरलात म्हणून जेवला नाहीत."

परीक्षा सप्टेंबरात ठरली. माजुरोहून शेजारच्या आर्नो बेटाकडे, भर दिवसा. इरोज आपल्या मोटरबोटीतून मागे. होडी इसाओचा पुतण्या अल्सन हाकणार, आणि नेइजोन डोळ्यांना फडकं बांधून तळाशी उताणी पडणार. होडी फिरवून फिरवून आणली की तिने आर्नो कुठे ते हाताने दाखवायचं. इसाओ शिडाजवळ बसला होता. बोलायला बंदी होती, म्हणून त्याचे पाय हलत होते.

इथल्या होड्यांना कायमचं तोंड नसतं. उलांडी, म्हणजे होडीच्या एका अंगाला बांधलेला तोलाचा ओंडका, वाऱ्याच्याच बाजूला राहायला हवी, म्हणून दिशा बदलायची तर शीड उचलून दुसऱ्या टोकाला नेतात, आणि शेपटाचं तोंड होतं. अल्सनने असं तीनदा केलं. मग इरोजने हात वर केला.

नेइजोनने न डगमगता बोट दाखवलं. थेट माजुरोकडे. जिथून निघाले होते तिकडे.

फडकं सोडल्यावर तिने आपल्या बोटाकडे पाहिलं आणि ओठ आवळले. किनाऱ्याला लागल्यावर इसाओने विचारलं, "कणा लागला नाही पाठीला?"

"लागत होता. मी त्याचं ऐकलं नाही. मी मोजत होते. किती वेळ, किती वेग, किती वळणं. डोक्यात वरून नकाशा काढत होते, खेळात काढते तसा. शीड दोनदा हललं असं धरलं, हललं तीनदा."

"डब्याने घात केला."

"केला," ती म्हणाली. "उद्या इरोजकडे जाऊन परत विचारते."

इसाओ थबकला. "परत कोणी विचारत नाही."

"का?"

"लाज असते माणसाला."

"आजोबा, मी त्या खेळात दोनशे वेळा हरलेय. हरलं की पहिल्यापासून सुरू करायचं. त्यात लाज कसली?"

तो घरी न जाता तासभर वाळूवर येरझाऱ्या घालत राहिला. मग घरी येऊन त्याने कियोकोलाही न सांगितलेली गोष्ट दोघींना सांगितली. परीक्षेआधीच शिकवणारा मामा गेला, असं तो जन्मभर सांगत आला होता. ते खोटं होतं. बाविसाव्या वर्षी त्याची परीक्षा झाली होती, आणि त्याचंही बोट चुकलं होतं. तो मालवाहू जहाजावर नोकरीला निघून गेला आणि सात वर्षं घरी आला नाही.

कियोको नीरफणस सोलत राहिली. "म्हणून मला प्रत्येक पत्रात कामच फार आहे असं लिहायचात," ती म्हणाली.

सकाळी नेइजोन भेट म्हणून नवी चटई घेऊन इरोजच्या दारात गेली. इसाओ मागे, मान खाली. इरोजने चटई घेतली, तिचं म्हणणं ऐकलं, मग तिला सोडून इसाओकडे पाहिलं.

"दुसऱ्यांदा विचारू नये असा नियम आमच्याकडे नाही. माझे वडील म्हणायचे, इसाओ परत येईल. तुमच्यासाठी त्यांनी तीन वर्षं दुसऱ्या कोणाची परीक्षा घेतली नाही."

इसाओने दाराची चौकट धरली. "मला वाटलं..." एवढंच म्हणाला.

"वाटलं ते वाटलं," इरोज म्हणाले. "पोरीला महिन्याने घेऊन या."

तो महिनाभर इसाओने तिला रोज खाडीच्या तोंडाशी पाण्यावर उताणं तरंगत ठेवलं. मोजू लागली की तिचे ओठ हलत, आणि हलले की तो तिच्या तोंडावर पाणी मारी. खेळ मात्र बंद करायला सांगितला नाही. कधी कधी स्वतःच म्हणे, "उघड तो डबा, त्या उत्तरेच्या राजाचं काय झालं बघू." त्याचे पाय आता सुजत होते आणि जिना चढताना दम लागत होता.

दुसऱ्या परीक्षेला त्याला उचलून होडीत बसवावं लागलं. अल्सनने पाच वेळा शीड बदललं. इरोजचा हात वर गेला तरी नेइजोन लगेच बोलली नाही. ती पडून राहिली, एवढा वेळ की इसाओला वाटलं, झोपली. तिचे ओठ स्थिर होते. मग तिने उजवा हात उचलला, आणि त्या हाताच्या रेषेत क्षितिजावर आर्नोचे माड होते.

इरोजने तिथेच, बोटीतून, मोठ्याने तिला जाणती म्हटलं.

इसाओ १९ नोव्हेंबर २०१९ रोजी, मंगळवारी, दुपारी आपल्या घरी वारला.