मोगऱ्यात गवती चहा

मी हैदराबादेत काचीगुड्याच्या एका परसात पालथी पडलेली तांब्याची देग बोलतेय. फुलं आणि पाणी पोटात घेऊन चुलीवर बसायचं, वाफेवाटे त्यांचा वास पुढच्या भांड्यातल्या तेलात पोचवायचा, हेच माझं जन्मभराचं काम. मालक एकनाथराव. फुलं निवडणारी, बाटल्या भरणारी आणि मला राख-चिंचेनं घासणारी गंगू. एका देगेत एकच फूल, असा आमच्या घरचा नेम.

त्र्याण्णव साली बाहेरच्या कंपन्या माल मागू लागल्या. त्याच घाईत गंगू लेकीच्या बाळंतपणाला गेली. मालकांनी कोठी बाजारातल्या एका साबणवाल्यासाठी माझ्यात गवती चहा उकळला, नुसत्या पाण्यानं मला खंगाळलं आणि विसरून गेले. माझ्या सांध्याची कल्हई उडाली होती. तिथं मी तो वास धरून ठेवला.

गंगू परतल्यावर काढलेल्या मोगऱ्याचं तेल तपासायला गेलं आणि प्रयोगशाळेचा कागद आला. लिनालूल आहे, बेंझिल ॲसिटेट आहे, ती मोगऱ्याचीच. पण सिट्रलही आहे, ते गवती चहातलं. भेसळ म्हणून माल परत.

एकनाथराव कागद घेऊन दारातच उभे राहिले. गल्ली ऐकत होती.

"बाटल्या तूच भरतेस ना? काय मिसळलंस?"

"मालक, अठरा वर्षं झाली. म्या कधी पाण्याचा थेंब तरी घातला का?"

"मग कागद खोटं बोलतो?"

गंगूनं हात धुतले आणि ती गेली. मी चुलीवर गार बसून होते.

महिन्याभरानं कल्हईवाल्यानं माझा सांधा खरवडला. पिवळा चिकटा निघाला. तो हुंगून हसला, "काय मालक, मेहमानांना यातच गवती चहा पाजता?"

एकनाथरावांना साबणवाल्याचा तो विसरलेला माल आठवला.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः जाऊन गंगूला घेऊन आले. तिनं माझ्यात डोकं घालून वास घेतला.

"चुकलं माझं, गंगू," ते हळूच म्हणाले.

"दारात बोललात, मालक. आता दारातच सांगा."

ते दारात गेले. शेजारचे भगवंतराव ओट्यावर पेपर वाचत होते. "काय एकनाथराव, काही म्हणत होतात?"

"नाही… ऊन फार वाढलंय."

गंगू त्यांच्या बाजूनं वाट काढून निघून गेली. ती पुन्हा आली नाही.

आता मालक थकलेत. अधूनमधून माझ्याजवळ येऊन बसतात. चूक आम्हा दोघांची, नाव मात्र तिचं खराब झालं. तुम्हाला कुठं गंगू भेटली तर तिला एवढं सांगा, तो वास माझ्या पोटात होता. मला सांगता येत नव्हतं. मालकांना येत होतं.