मला आलू म्हणू नका

मी मुळा बोलतोय. तुमसरजवळच्या एका गावात, टेकचंदच्या घरामागच्या बाडीत, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली मी वाढलो. तुमच्याशी गोड बोलावं असं माझ्या मनात नाही. तुम्ही माझ्याशी कधी गोड वागलात? मला कापताना नाक मुरडता, पाहुणे यायचे असले की टोपलीच्या तळाशी दडवता. तेही सोसलं असतं. पण यंदा या घरानं माझं नावच काढून घेतलं.

दसरा झाल्यावर टेकचंदच्या बायकोनं, सत्यभामाबाईनं, आमचं बी टाकलं. वाफ्यात राख घातली, रोज पाणी दिलं. महिना-दीड महिन्यात आम्ही मातीतून पांढरे खांदे वर काढले. बाई चांगली आहे, असं तेव्हा मला वाटलं होतं.

टेकचंद तुमसरच्या एका राइस मिलमध्ये मिस्त्री. दिवसभर यंत्रांच्या घरघरीत राहून त्याचा आवाज मोठा झालेला. घरात साधं पाणी मागितलं तरी भांडण वाटे. आलू हा त्याचा जीव. सकाळी आलूपोहे, जेवणात वांगे-आलू, परतताना आलूबोंडे. दिवाळीनंतर त्याची शुगर तपासली आणि कागद वाचून मुलगी टीना रडायलाच लागली. डॉक्टरांनी भात कमी करायला सांगितलं आणि आलू बंद.

"भात कमी करतो," टेकचंद गरजला. "आलू नाही सोडत. मंग मी जगू कायले?"

दोन दिवसांनी टीनानं आईला मोबाईल दाखवला. मी खिडकीखालून सगळं ऐकत होतो.

"माय, हे पाय. मुळ्याचे तुकडे मिठाच्या पाण्यात उकळाचे, पाणी फेकाचं, मंग आलूसारखे फोडणीत टाकाचे. वास जाते म्हणते. बाबाले समजणारबी नाही."

"त्याईले सांगाचं नाही?"

"सांगतलं तर खातीन काय ते?"

त्याच दुपारी सत्यभामाबाई आली आणि माझ्या शेजारच्याला उपटून घेऊन गेली. त्याची साल काढली, चौकोनी तुकडे केले, उकळले. पाणी निववलं आणि खिडकीतून आमच्याच वाफ्यात ओतलं. आमच्या भावाचा वास आमच्या मुळांशी आला. आत वांग्याच्या रश्शात त्याचे तुकडे लाल झाले, मऊ झाले आणि ताटात पडले. बाई म्हणाली, "घ्या, वांगे-आलू."

टेकचंदनं खाल्लं. "आलू पानचट हाय."

"नवा आलू हाय," बाई म्हणाली.

असे चार दिवस गेले. रोज एक मुळा उपटायचा, रोज त्याला आलू म्हणायचं. ज्या आलूनं त्या माणसाचं रक्त गोड केलं त्याचा एवढा मान, आणि जो पानात वाढला जातोय त्याला नावही नाही! माझ्या पानांचे काटे रागानं उभे राहत. पण आम्ही मुळे आहोत. आम्हाला किती उकळा, आम्ही गप्प राहत नाही.

पाचव्या दिवशी टेकचंद भरदुपारी मिल सोडून घरी आला. आल्या आल्या चप्पल भिरकावली.

"सत्ते! आलू खाल्ला आन डकार मुळ्याची कशी आली? पूरे हमाल हासून राहिले माह्यावर!"

टीना म्हणाली, "बाबा, तुमच्यासाठीच—"

"माह्यासाठी? माह्याच घरात मले फसवता?" त्यानं चुलीजवळचं वाढलेलं ताट उचललं आणि खिडकीतून बाहेर फेकलं. रस्सा भिंतीवर उडाला. मी खिडकीखाली होतो. एक तुकडा माझ्या पानांवर येऊन पडला.

त्या दिवसापासून घरात बोलणं बंद झालं. टेकचंद घरी जेवेना. मिलच्या फाटकाशी बोंडे खाई आणि तोंड पुसत घरी येई. सत्यभामाबाईनं मुळा शिजवणं सोडलं. वाफ्याला पाणी द्यायला यायची, पण आमच्याकडे बघत नसे. जणू तिचा संसार आम्हीच नासवला होता.

पंधरा-वीस दिवस झाले असतील. टेकचंद मागच्या पायरीवर बसला होता. बाई वाफ्याशी आली आणि थबकली.

"अजी, हा वास कायचा येते?"

"मुळ्याचा असन. तुह्याच बाडीचा."

"घरात मुळा शिजून पंधरा दिस झाले." ती त्याच्याजवळ गेली. "पाय दाखवा."

"काहून?"

"दाखवा म्हणते ना!"

तिनं स्वतःच त्याचा पाय ओढला. अंगठ्याजवळचं बोट काळं पडलं होतं. मिलमध्ये पोत्याची तार घुसली होती म्हणे. किती दिवसांपूर्वी, ते त्यालाच माहीत नव्हतं. शुगरनं पाय बधिर झालेला, दुखलंच नव्हतं. बाई तिथेच मातीत बसली. आणि मी? मला त्या माणसाची दया आली नाही. त्याचं बोट सडत होतं आणि तो त्याचा वास माझ्या नावावर टाकत होता!

भंडाऱ्याच्या दवाखान्यात ते बोट कापलं. आठ दिवसांनी तो पायाला पट्टी बांधून परतला. वजन उतरलेलं, आवाज अर्धा. पहिल्या दिवशी सत्यभामाबाईनं ताट वाढलं आणि उभ्यानंच सांगितलं, "हा मुळा हाय. आलू नाही. खाचा असन तर खा, नाही तर ताट फेका. मी आता फसवत नाही, आन मनवतबी नाही."

तो ताटाकडे बघत राहिला. मग पोळीचा तुकडा मोडला.

"वास येते," तो म्हणाला.

"येते," ती म्हणाली.

त्यानं खाल्लं. चव आवडली नाही, हे त्याच्या तोंडावरून दिसत होतं. मलाही तो आवडलेला नव्हता.

आता माघ लागलाय. वाफ्यात मी एकटा उरलो. आतून जून झालोय, डोक्यावर फुलाचा दांडा निघालाय. आणखी पंधरवडा मिळाला असता तर शेंगा धरल्या असत्या. पण आज सकाळी काठी टेकत खुद्द टेकचंद आला. वाकून त्यानं माझी पानं मुठीत धरली. मी माती सोडली नाही. तो ओढत राहिला, घामाघूम झाला, शेवटी माझं टोक आतच तुटलं आणि तो मागे बसला.

"सत्ते, मुळा उपटला!" त्यानं हाक दिली.

मी पहिल्यांदाच त्याच्या तोंडून माझं नाव शिवीशिवाय ऐकलं. म्हणून मी त्याला माफ केलं असं समजू नका. तुम्हालाही नाही. मी कुणाची शुगर उतरवायला उगवलो नव्हतो. शेंगा धरायला उगवलो होतो. कापायचं तर कापा, पण मुळा म्हणून कापा.

आता मी पावशीच्या, म्हणजे विळीच्या, पात्याशी पडलोय. सत्यभामाबाई बसायला आली, तर टेकचंदनं पावशी स्वतःकडे ओढली. "सरक. मी कापतो."

"बोट सांभाळा," ती सवयीनं बोलून गेली.

त्यानं आपल्या पट्टी बांधलेल्या पायाकडे पाहिलं, तिनं चुलीकडे.

"सांभाळतो," तो हळूच म्हणाला, आणि मला पात्यावर धरलं.