लाल तोंडाचा दीर

धाकटी जाऊ न्हान नवऱ्याच्या वाडग्यातल्या माशाचे काटे काढू लागली, की लुआला घास गिळवत नसे. साठी उलटली तरी बयेचे चोचले संपत नाहीत! आणि कोणासाठी, तर त्या तिनसाठी, ज्याला गावानं कधी पुरुषांत धरलं नाही.

लुआची दारूची भट्टी काऊ नदीकाठी नावाजलेली. तिचा नवरा खोआत पहिल्या धारेचे नऊ पेले रिचवून सायकल सरळ चालवायचा. धाकटा दीर तिन अर्ध्या पेल्यात उकडलेल्या खेकड्यासारखा लाल व्हायचा, छाती धडधडायची, मग बायकांत बसून लसूण सोलायचा. सगळे हसत, सगळ्यांत मोठ्यानं लुआ. आणि झालं काय? छप्पन्नाव्या वर्षी मेंदूतली रक्तवाहिनी फुटून खोआत भट्टीपाशीच कोसळला. तिन सहासष्टाव्या वर्षीही सुपारीच्या झाडावर चढतो.

हे न्हानच्या कुंपणावरच्या कडू पानांचं काम, याबद्दल लुआला शंका नव्हती. रोज सकाळी पातेलंभर पानं उकळताना लुआनं तिला स्वतः पाहिलं होतं. पण मागायची कशी? जावेकडे तिनं जन्मात चिमूटभर मीठ मागितलं नव्हतं. म्हणून तीन महिने ती पहाटे पानं चोरत होती आणि काढा करून मुलाला, क्वेतला, पाजत होती. कारण क्वेतही पेल्यानं लाल व्हायचा. "सवय होते! भट्टीवालीचा पोर ना तू?" म्हणत बाप गेल्यापासून तिनंच त्याला प्यायला बसवलं होतं.

मध्यंतरी हनोईच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या गावाचं रक्त तपासायला नेलं होतं. त्या परत आल्या, ज्याचा कागद त्याच्या हाती दिला आणि चावडीत बोलायला उभ्या राहिल्या.

"आईबापाकडून रक्तात एक बारीक फरक येतो. तो असला की दारू सोसत नाही, तोंड लाल होतं. म्हणून अशी माणसं कमी पितात. त्यांचा बीपी कमी, मेंदूचे झटकेही कमी."

लुआ ताडकन उठली. "आणि न्हानची पानं?"

"कुठली हो ताई?" न्हान म्हणाली. "ती? ती मी डुकरांना उकडते! अगंबाई, म्हणजे पानं बकरी खाते म्हणून तीन महिने मी त्या बिचारीला फुकट शिव्या घातल्या!"

चावडी खदखदली. लुआचे कान तापले.

"म्हणजे हिच्या नवऱ्याचं रक्त चांगलं आणि माझ्याचं वाईट, असं सरळ म्हणा की."

"नाही आजी, तुमचा कागद बघा. तो फरक तुमच्यातही आहे. पण तुम्ही दारू हुंगून पारखता, पीत नाही. अशा न पिणाऱ्या बायका आम्ही मुद्दाम तपासल्या. फरक असो नसो, बीपी सारखाच. नुसतं रक्त वाचवत असतं तर त्यांनाही वाचवलं असतं ना? घात पेल्यात आहे."

पेल्यात. म्हणजे तिच्याच भट्टीच्या धारेत. लुआ खाली बसली.

"लाल होऊनही पीत राहिलं तर?" तिचा आवाज उतरला होता.

"त्यांचं सगळ्यात वाईट. अन्ननलिकेचा कॅन्सर होण्याचा धोका फार."

चारच दिवसांनी खोआतचं श्राद्ध आलं. या घरची रीत अशी, की मुलानं पहिल्या धारेचा पेला एका दमात संपवायचा, मगच पंगतीनं जेवणाला हात लावायचा. क्वेत पेला घेऊन उभा राहिला. नुसत्या वासानं त्याच्या मानेवर डाग उमटले. माणसं ओरडली, "चल रे, बापाचं नाव राख!"

लुआनं त्याच्या हातातून पेला काढून घेतला.

"याला चहा द्या. आणि भाऊजी, जरा सरका. हा तुमच्याजवळ बसेल."

तिन लाजून सरकला. क्वेतपुढे लसणाची परडी आली. कोणीतरी फिसकन हसलं.

"हसा," लुआ म्हणाली. "मीही खूप हसले होते."

पेला तिनं खोआतच्या तसबिरीपुढे ठेवला. "घ्या तुम्हीच. तुमचं आता काय बिघडायचं राहिलंय?"

पलीकडे न्हान तिनच्या वाडग्यातले काटे काढत होती. लुआला आजही घास गिळवेना. तिनं मासा पुढे ओढला आणि क्वेतच्या बायकोपोरांच्या देखत, तिशी ओलांडलेल्या त्या घोड्याच्या वाडग्यातले काटे काढायला बसली.