होडीतला फ्रिज

प्राप्तीला रोज इन्सुलिन लागायचं आणि ते गार ठेवावं लागे, म्हणून नवऱ्याच्या, धनेशच्या शिडाच्या होडीतून ती कधी मुक्कामाला गेली नव्हती. यंदा दोघांनी बॅटरीवर चालणारा छोटा फ्रिज आणला.

"आधी ओटीवर चालवून बघू," प्राप्ती म्हणाली. ती शाळेत विज्ञान शिकवायची. दुकानदाराच्या शब्दावर तिचं समाधान होईना.

होडीची बॅटरी जोडून तिने रिकाम्या फ्रिजमध्ये थर्मामीटर ठेवला. झाकण उघडलं की आकडा झरझर चढे आणि मोटर घरघरू लागे. संध्याकाळी बॅटरी अर्ध्यावर आली.

"मोठा घ्यायला हवा होता," धनेश हिरमुसला.

"मोठा तर जास्तच बॅटरी खाईल. हाच भरून बघूया."

दुसऱ्या दिवशी बॅटरी पुन्हा पूर्ण चार्ज करून तिने घरातल्या फ्रिजमधल्या गार पाण्याच्या बाटल्या आत गच्च बसवल्या. आता झाकण उघडलं तरी आकडा फारसा हलेना, मोटरही बराच वेळ गप्प राही. संध्याकाळी बॅटरी पाऊण शिल्लक होती.

शनिवारी पहाटे रेवदंड्याहून निघून त्यांनी उन्हं कलताना दिवेआगरसमोर नांगर टाकला. प्राप्तीने आधी फ्रिज उघडला. पाच अंश! इन्सुलिन घेऊन ती धनेशशेजारी येऊन बसली.

"हर्णै किती लांब आहे रे?"

"वारा असला तर दिवसभराचं."

"मग उद्या जाऊया."