पाचवी घागर

द्वारकाने घागरी एकेक करून कानाजवळ धरल्या आणि बोटाच्या पेराने वाजवून पाहिल्या. पाचही पक्क्या भाजलेल्या होत्या. अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरातल्या प्रत्येक गेलेल्या माणसाच्या नावाने एक घागर भरायची आणि तिच्यापुढे नैवेद्य ठेवायचा. त्यांच्या घरात गेलेली माणसे चार होती. आजोबा, आजी, काका आणि सहा वर्षांपूर्वी वडील, अण्णाजी. आईने या वेळी पाच आणायला सांगितल्या होत्या. कुंभाराच्या घरून येताना एखादी फुटली तर, असे द्वारकाने धरले होते.

ओसरीवर महादेवमामा पाय पसरून बसले होते. ते सकाळच्या एसटीने समुद्रपूरहून आले होते आणि दुपारच्या एसटीने त्यांना परत जायचे होते. द्वारकाच्या मोठ्या भावाच्या, रूपरावच्या, थोरल्या मुलीसाठी त्यांनी तिकडचे स्थळ आणले होते. पाहुण्यांना मुलगी पसंत होती. मात्र साक्षगंधाआधी, म्हणजे साखरपुड्याआधी, त्यांनी एक गोष्ट विचारली होती. मुलीची एक आत्या तेवीस वर्षांपूर्वी घरातून गेली म्हणतात, तिचे पुढे काय झाले?

"आज उत्तर द्या लागते," मामा म्हणाले. "पळाली म्हनलं त पोरीले डाग लागते. मेली म्हनलं त नाई लागत."

"मंग मेली," रूपराव म्हणाला.

"कशी?"

यावर बोलणे सुरू झाले. दर अखजीला ते होतच असे. द्वारकाला ते पाठ होते.

द्वारकाची थोरली बहीण नलू तेव्हा सोळा वर्षांची होती, द्वारका नऊ. बासष्टच्या नोव्हेंबरात, कापूस वेचणीच्या दिवसांत, नलू पहाटे बादली घेऊन विहिरीवर गेली. तिला जाताना आईने पाहिले होते. बादली विहिरीच्या काठावर सापडली, नलू सापडली नाही. पोलिसांनी गळ टाकला, मग वर्ध्याहून इंजिन आणून विहीर उपसली. तळाशी दोन जुने पितळी गडवे निघाले. काकांचे मत नदीवर होते, पण त्या महिन्यात धाम नदीला गुडघाभरही पाणी नव्हते. बिबट्या म्हणावा, तर बांधावर कापडाची चिंधी नाही, रक्ताचा थेंब नाही. जिनिंगमध्ये यंत्रे दुरुस्त करायला बुऱ्हाणपूरहून आलेल्या ओमप्रकाश नावाच्या फिटरवरही काहींचा संशय होता. तो नलूनंतर दीड महिना त्याच जिनिंगमध्ये, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, पाना घेऊन फिरत होता. पळवून नेणारा माणूस मागे राहत नाही, असे पाटलांपासून फौजदारापर्यंत सगळ्यांनी ठरवले.

उरला प्रेमदास. तो अण्णाजींकडे सालदार, सालगडी, होता. त्याची बैलगाडी त्या पहाटे वर्ध्याच्या रस्त्यावर एकाने पाहिली होती. कुठे गेला होतास, याचे उत्तर त्याने रूपरावला दिले नाही आणि ठाण्यातही दिले नाही. प्रेत मिळाले नाही म्हणून अकरा दिवसांनी त्याला सोडले. तेव्हापासून त्याला डाव्या कानाने ऐकू येत नव्हते.

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असताना द्वारकाने एका वहीत या सगळ्या शक्यता लिहिल्या होत्या. प्रत्येकीच्या बाजूला अनुकूल काय, प्रतिकूल काय. ओमप्रकाशच्या नावावर तिने रेघ मारली होती. प्रेमदासच्या नावापुढे तिने प्रश्नचिन्ह ठेवले होते आणि त्याच्या घरावरून जाताना ती मान खाली घालत असे. ती कॉलेजात पोचली, तीही उशिरा. नलू गेल्यावर वडिलांनी तिची शाळा तीन वर्षे बंद ठेवली होती. पुढे तिला पाहायला आलेल्या चार घरांनी चहा पिताना आधी बहिणीची चौकशी केली आणि पुन्हा निरोप पाठवला नाही. आता ती बत्तीस वर्षांची होती. वर्ध्याच्या शाळेत विज्ञान शिकवत होती, एका खोलीत राहत होती आणि दर रविवारी आंजीला, या घरी, येत होती.

"मेली नाई, मारली," रूपराव म्हणाला. "प्रेमदासनं. तिकडं हेच सांगा मामा. आपल्याकडं डाग नाई, आपल्यावर घात झाला."

मामांना ते पटले. पण ते रीतीचे पक्के होते. ज्याला अग्नी मिळाला नाही, त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळावा लागतो, म्हणाले. बारा वर्षे थांबायचे असते, इथे तेवीस झाली. पुतळा जळल्यावरच त्याला पितरांत जागा. तोवर घागर मांडता येत नाही.

"माय तयार होत नाई," रूपराव म्हणाला. "दरसाल हेच. पुतळ्याचं नाव काढलं की उठून जाते."

आई, आनंदाबाई, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात वडे काढलेली परात घेऊन उभी होती. या वेळी ती निघून गेली नाही.

"पुतळा नको," ती म्हणाली. "घागर मांडा."

रूपरावने मामांकडे पाहिले. मामा म्हणाले, अग्नीबिगर घागर कशी? रूपरावने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. जाऊ द्या, इतक्या वर्षांत पहिल्यांदा हो म्हणाली, हे काय कमी आहे.

द्वारकाने हातातली घागर खाली ठेवली. आई रीत विसरणाऱ्यांतली नव्हती. पुतळा नको आणि घागर मात्र हवी, हे एकाच माणसाच्या बाबतीत म्हणता येते. ज्याला अग्नी मिळालेला आहे, आणि तो मिळाल्याचे माहीत आहे.

तिला माघातला एक रविवार आठवला. आई आदल्या दिवसापासून ओसरीच्या टोकाला घोंगडीवर बसून होती. देवाला शिवत नव्हती, चुलीकडे जात नव्हती. गुडघे धरले म्हणाली. सोमवारीही तशीच बसली होती, असे वहिनी पुढच्या खेपेस सांगत होती, आणि मंगळवारी डोक्यावरून पाणी घेऊन कामाला लागली. लग्न झालेल्या मुलीचे सुतक आईबापांना तीन दिवस असते.

द्वारका आईच्या मागे स्वयंपाकघरात गेली.

"माय, कवा कळलं तुले?"

आईने झाऱ्यातले तेल निथळू दिले. मग कढई उतरवली, मागच्या दाराने गोठ्यात गेली आणि छपराच्या गवतात हात घालून एक पोस्टकार्ड काढले. असे कार्ड घरात ठेवत नाहीत. मृत्यूची खबर देणाऱ्या कार्डाचा फाडतात तसा त्याचा वरचा कोपरा फाडलेला होता.

हिंदीतल्या दोन ओळी होत्या. शारदादेवी का स्वर्गवास हो गया. आप को सूचना देना उन की इच्छा थी. खाली सही ओमप्रकाशची, गाव बुऱ्हाणपूर.

"शारदा कोन?"

"लग्नात नाव बदलवलं असन," आई म्हणाली. "मले वाचता येत नाई. पन कोपरा दिसते."

"कोनाले वाचायले नाई सांगतलं?"

"कायले? मीच सांगतलं होतं तिले. जिती असशीन तवर चिठ्ठी धाडू नको. मेली त धाडायले सांगजो. तेवीस वर्सं कार्ड नाई आलं, मंजे बरी हाय, इतकं मले समजे."

द्वारकाने कार्ड उलटे केले, पुन्हा सरळ केले. त्या साली मामांनी नलूसाठी हिंगणघाटचे स्थळ आणले होते, दोन लेकरांचा बाप. साक्षगंध झाले होते. हे सगळ्यांना माहीत होते आणि दर अखजीच्या बोलण्यात ते कोणी काढत नसे. तिच्या वहीतही ते नव्हते. वहीतली प्रत्येक शक्यता विहिरीपासून सुरू होत होती, आणि विहिरीकडे जाताना नलूला एकट्या आईने पाहिले होते. एवढी वर्षे विज्ञान शिकवून तिने तेवढे एक निरीक्षण तपासले नव्हते.

"बादली तू ठेवलती."

आईने केळीच्या पानाचा तुकडा कापून ताटात घातला. पितरांना वाढतात तसे वडे, शेवया, कढी, कुरड्या वाढल्या, पन्ह्याची वाटी ठेवली.

"हे प्रेमदासले देऊन ये."

"काऊन?"

"तो समजल."

बौद्धवाडा गावाच्या उतारावर होता. प्रेमदास लिंबाखाली बैलाचे दावे वळत बसला होता. त्याने तिला येताना पाहिले, दाव्याचे टोक पायाच्या अंगठ्यात तसेच धरून ठेवले आणि जय भीम म्हणाला. ती त्याच्या उजव्या बाजूला गेली. ताट त्याच्यासमोर ओट्यावर ठेवले.

"मायनं पाठवलं."

प्रेमदासने ताटाकडे पाहिले. केळीचे पान पाहिले, वडे पाहिले. त्याचे हात थांबले.

"कवा गेली?" त्याने विचारले.

द्वारकाने बोलायला तोंड उघडले आणि तिला कळले की, त्याला काही माहीत होते का, हे आता विचारायचे उरलेले नाही.

"माघात."

त्याने मान हलवली. दाव्याचा पीळ अंगठ्याने चाचपला. मग आपणहून सांगू लागला. आईने त्याला आदल्या संध्याकाळी गोठ्यात बोलावून गळ्याची आण घातली होती. पहाटे त्याने पोरीला सरकीच्या पोत्यांमागे बसवून वर्ध्याच्या स्टेशनवर नेले. तिथे त्या फिटरची बहीण होती. फिटर मुद्दाम मागे राहिला होता. येताना प्रेमदासने बैलांना सेलूच्या वाटेने फिरवून आणले.

"तुमी सांगतलं काऊन नाई?"

"पयले दोन दिवस म्हनलं, गाडी भुसावळच्या पल्याड जाऊ द्या. नाईतर धरून आनतीन, अन् मंग खरंच विहिरीत टाकतीन. रूपरावचा हात तवाच पडलता." त्याने डाव्या कानाला बोट लावले. "मंग वाटे, आता तुमची माय बोलन. ठान्यात रोज वाटे. ती नाई बोलली. अकरा दिवस झाले अन् मार त खाऊन झालता. मंग सांगून का फायदा?"

तो थोडा हसला.

"अन् सांगतलं असतं, त माह्यं कोन आयकत होतं, बाई?"

"ती कवा आलती इथं? माय?"

"नाई." त्याने ताट दोन्ही हातांनी उचलले, सांडू न देता, आणि तिच्याकडे केले. "आमी हे सोडलं. छप्पनपासून. मेलेल्याच्या नावानं खात नाई. जितेपनी एखादा वडा पाठवला असता त खाल्ला असता."

द्वारकाने ताट घेतले. ती चढ चढू लागली तेव्हा त्याने मागून विचारले, तिला लेकरे होती का. कार्डात तेवढे लिहिलेले नव्हते. माहीत नाही, असे तिने सांगितले. पण ती त्याच्या डाव्या बाजूने बोलली होती, आणि तो अजून तिच्याकडे पाहत होता. ती परत आली आणि उजवीकडून पुन्हा सांगितले.

घरी चार घागरी पाटावर भरून ठेवल्या होत्या. आई पाचवीसमोर बसून तांब्याने तिच्यात पाणी ओतत होती. मामांनी पिशवी भरली होती, पण चपला अजून घातल्या नव्हत्या. रूपराव त्यांना पुन्हा एकदा सगळे समजावत होता. पाहुण्यांनी जास्तच विचारले तर नाव घेऊनच सांगा. म्हणा, मानूस गावातच हाय, पुरावा नव्हता म्हनून सुटला.

आई ऐकत होती. तिचा हात थांबला नाही.

द्वारकाने भरलेले ताट मामा आणि रूपराव यांच्या मधोमध जमिनीवर ठेवले.

"हे कोनाचं?" रूपरावने विचारले.

"प्रेमदासचं. खात नाई म्हनला."

"पितराचं ताट अन् प्रेमदासले? कोनं धाडलं?"

"मायनं."

"काऊन?"

द्वारका खाली बसली, आईच्या अगदी समोर. पोस्टकार्ड तिने कमरेला खोचून नेले होते. कोपरा सगळ्यांना दिसेल असे ते तिने ताटाशेजारी ठेवले.

"मायले विचार," ती म्हणाली.

घागर काठोकाठ भरली होती. आईने तांब्या कळशीत बुडवला, वर काढला आणि पुन्हा घागरीत ओतला. पाणी घागरीच्या पोटावरून खाली आले, पाटावर पसरले आणि ओसरीच्या उताराने मामांच्या पायांकडे निघाले. मामांनी पाय वर घेतले.

आईने पुन्हा तांब्या बुडवला.